शत्रू-मित्र ओळख: उत्तर आलं नाही तर काय करायचं?

डिचोलीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "काका, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने प्रोजेक्टसाठी सैनिकांचा ओळख-पट्टा करायचं ठरवलंय. जवानाच्या दंडावर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारा बिल्ला), रायफलवर रीडर. टॅग वाचला गेला तर हिरवा दिवा, नाही वाचला गेला तर लाल, म्हणजे शत्रू. एवढी सोपी गोष्ट सैन्याकडे आधीपासून का नाही? आमचं काही चुकतंय का?"

लाल दिवा काढून टाक. बाकीच्या दुरुस्त्या सावकाश बोलू, पण ही पहिली. तो दिवा तुझ्या सर्किटमध्ये आहे तोवर तुझा पट्टा आपल्याच माणसाला मारू शकतो.

मी नौदलाच्या विमानशाखेत बावीस वर्षं रडार आणि आयएफएफच्या बेंचवर काढली, त्यातली बरीचशी गोव्यात दाबोळीला. आयएफएफ म्हणजे शत्रू-मित्र ओळखणारी यंत्रणा. या नावानेच पहिली दिशाभूल होते. ही यंत्रणा शत्रू कधीच ओळखत नाही, फक्त मित्र ओळखते, आणि तोही स्वतःहून उत्तर देणारा मित्र. इंटरोगेटर विचारतो, ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो. उत्तर बरोबर आलं तर समोर आपला आहे. नाही आलं तर हाती एवढीच माहिती उरते की उत्तर नाही आलं. तिचा अर्थ 'शत्रू' असा लावणं हा माणसाने घेतलेला निर्णय असतो. तुम्ही तो निर्णय एका एलईडीवर सोपवला आहे.

उत्तर न येण्याची कारणं मोजायला बस, वही भरेल. ट्रान्सपॉन्डर बंद आहे. चालू आहे पण त्यात आजची किल्ली, म्हणजे आजचा गुप्त कोड, भरलेली नाही. किल्ली भरली ती कालची. विमानाने वळण घेतलं आणि पोटाखालचा अँटेना पंखाच्या आड गेला (म्हणूनच लढाऊ विमानांना वर एक आणि खाली एक असे दोन अँटेना देतात). किंवा विचारणाऱ्याचाच इंटरोगेटर बिघडलाय. आणि या सगळ्यानंतर एक शक्यता उरते की समोर खरोखर शत्रू आहे.

दाबोळीची एक गोष्ट सांगतो. जुलैचा महिना, चार दिवस पावसाने उसंत दिलेली नव्हती. उड्डाणाआधीच्या तपासणीत एका विमानाचा ट्रान्सपॉन्डर टेस्ट सेटला मधूनच उत्तर देई, मधूनच गप्प बसे. पेटी काढून बेंचवर आणली, तर उत्तम चालली. परत बसवली, पुन्हा तेच. दुपारपर्यंत दोन पेट्या बदलून झाल्या. शेवटी अँटेनाच्या केबलचा कनेक्टर उघडला तेव्हा आत हिरवी पूड दिसली. खारं वारं आणि पावसाची ओल यांनी तांबं खाल्लं होतं. पेटी निर्दोष, किल्ली बरोबर, वैमानिक तयार, आणि तरीही ते विमान हवेत मुकं राहिलं असतं. त्या दिवसापासून 'उत्तर नाही' हे शब्द ऐकले की मला ती हिरवी पूड आठवते. तू गोव्यात राहतेस, पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते हे तुला सांगायला नको. तुझ्या टॅगलाही तीच हवा मिळणार आहे.

ही काल्पनिक भीती नाही. याच मौनापायी माणसं गेली आहेत, आणि त्या घटना अभ्यासक्रमासारख्या वाचायला हव्यात.

१४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकच्या उड्डाणबंदी क्षेत्रात अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. आतली सव्वीसच्या सव्वीस माणसं गेली. आयएफएफमध्ये प्रश्नोत्तराचे ठरलेले प्रकार असतात, त्यांना मोड म्हणतात; हेलिकॉप्टरांच्या एका मोडमध्ये क्षेत्राच्या बाहेर चालणारा कोड होता, आतला नव्हता. त्यामुळे त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. मग वैमानिकांनी जवळ जाऊन डोळ्यांनी पाहिलं, आणि जादा इंधनटाक्या लावलेल्या ब्लॅक हॉक त्यांना रशियन बनावटीच्या हिंड वाटल्या. हे नीट लक्षात घे. यंत्राच्या मौनाने मनात 'शत्रू' हा शब्द आधीच रुजवला होता, डोळ्यांनी नंतर तोच पाहिला.

२३ मार्च २००३ ला इराकच्या मोहिमेवरून परतणारं ब्रिटिश टॉर्नेडो विमान अमेरिकन पॅट्रियट क्षेपणास्त्राने पाडलं. दोघे गेले. पुढच्या चौकशीत दोन्ही टोकांना खोट सापडली. विमानातली आयएफएफ बहुधा वीजपुरवठ्याच्या बिघाडाने बंद पडली होती आणि आतल्या दोघांना त्याची कल्पना नसावी. इकडे पॅट्रियटच्या तुकडीकडे एका मोडचे कोडच भरलेले नव्हते. त्यात संगणकाने खाली येणारं विमान रडारवर चालून येणारं क्षेपणास्त्र म्हणून दाखवलं. विचार करायला उरलं होतं जेमतेम मिनिटभर.

आणि आपलं स्वतःचं. २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, श्रीनगरजवळ बडगामला आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्राने पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती असं जाहीरपणे मान्य केलं. चौकशीनंतर बाहेर आलेल्या बातम्यांनुसार हेलिकॉप्टरची आयएफएफ बंद होती आणि जमिनीवरच्या यंत्रणांचा आपसातला संवाद तुटलेला होता. म्हणजे यंत्र होतं, उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसताना काय करायचं याची शिस्त त्या काही मिनिटांत कोसळली. मान्य करायला धैर्य लागतं, ते प्रमुखांनी दाखवलं. पण ते सात जण परत येत नाहीत. तू या विषयाला हात घालतेस तर त्यांची आठवण ठेवून घाल.

आता तुझा टॅग. साधा आरएफआयडी टॅग कुणीही विचारलं तरी एकच ठरलेला नंबर सांगतो. हे परवलीच्या शब्दाहूनही कच्चं. पहारेकरी निदान रोज नवा शब्द ठरवतात. शत्रूने एकदा तुझ्या टॅगचा नंबर ऐकला की त्याच्या दंडावर तोच नंबर बसतो. १६६३ साली लाल महालावर छापा घालताना महाराजांची माणसं मुघल छावणीत शिरली तेव्हा पहाऱ्यावर विचारणा झालीच होती. 'आम्ही दख्खनी शिपाई, आमच्या चौकीवर चाललो आहोत' एवढ्या उत्तरावर वाट मोकळी झाली. प्रश्न असा होता की त्याचं उत्तर कुणालाही देता येई. याउलट पानिपतची वर्णनं आठव. मराठ्यांच्या बाजूने लढणाऱ्या अफगाण शिपायांना ओळखता यावं म्हणून डोक्याला भगवं फडकं बांधायला सांगितलं होतं, आणि ऐन लढाईत त्यांनी ती फडकी काढून टाकली आणि पिछाडीला गोंधळ उडवला, असं त्यांत येतं. जी खूण बांधता येते ती सोडताही येते, आणि चोरताही.

यावरचा उपाय असा की प्रत्येक वेळी प्रश्नच नवा असावा. रीडर एक यादृच्छिक संख्या पाठवतो. टॅग ती संख्या, आत दडवलेली गुप्त किल्ली आणि घड्याळाची वेळ एकत्र करून एक उत्तर बनवतो. ऐकणाऱ्याला ते उत्तर कळलं तरी पुढच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. विमानांच्या आयएफएफमध्ये मोड ४ हा सांकेतिक होता, आता मोड ५ आलाय आणि त्यात वेळेचं बंधन आणखी घट्ट आहे. मोड ३ मात्र उघडा असतो, मोपाला किंवा दाबोळीला उतरणारी प्रवासी विमानं तोच वापरतात. ० ते ७ या आकड्यांचे चार अंकी कोड, एकूण ४०९६. ७७०० म्हणजे संकट, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७५०० म्हणजे अपहरण. प्रश्न १०३० मेगाहर्ट्झवर जातो, उत्तर १०९० वर येतं. तुला या फ्रिक्वेन्सीला हात लावायचा नाही, कायद्याने आणि सुरक्षेने दोन्हीकडून ते चुकीचं आहे. तू ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्येच राहा, आपल्याकडे आरएफआयडीसाठी हा पट्टा मोकळा आहे.

विमानात जे जमतं ते जमिनीवर पायदळात का जमत नाही, हा तुझा खरा प्रश्न आहे, आणि तो फार चांगला आहे. त्याचं उत्तर भूमितीत आहे. आकाशात दोन विमानांमध्ये सहसा शेकडो मीटर अंतर असतं. झुडपात दोन माणसांमध्ये दोन मीटरही नसतं. तू प्रश्न विचारलास आणि उत्तर आलं, तर ते नेमकं कुणाचं? त्यासाठी प्रश्नाचा झोत अरुंद हवा. हिशेब करून बघ: दोन अंशांचा झोत ३०० मीटरवर सुमारे १० मीटर रुंद होतो. त्यात अख्खी तुकडी मावते. आणि तेवढा झोत मिळवायलाही अँटेना केवढा लागेल? ढोबळ सूत्र घे, झोताचे अंश म्हणजे ७० गुणिले तरंगलांबी भागिले अँटेनाची रुंदी. १०९० मेगाहर्ट्झला तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, म्हणजे अँटेना साडेनऊ मीटरचा. रायफलवर तो कसा बसणार! तेच ३७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी आठ मिलिमीटर आणि अँटेना अठ्ठावीस सेंटिमीटर. रणगाड्यावर बसतो. म्हणूनच रणगाड्यांची ओळख-यंत्रं मिलिमीटर तरंगांवर बनली. अमेरिकेने १९९१ च्या आखाती युद्धानंतर असं एक यंत्र हाती घेतलं, आणि खर्च झेपेना म्हणून २००१ मध्ये सोडून दिलं. एका गाडीला बसवून भागत नाही, सगळ्यांना बसवावं लागतं. निम्म्या गाड्यांना बसवलं तर उरलेल्या निम्म्या गप्प राहतात, आणि गप्प राहण्याचा धोका तर आपण वर पाहिलाच.

एकट्या जवानासाठी लेझर उरतो. एक मिलिरेडियन एवढ्या बारीक कोनाचा लेझर ३०० मीटरवर तीसच सेंटिमीटर पसरतो, म्हणजे एका माणसापुरता. रायफलवरचा लेझर सांकेतिक प्रश्न पाठवतो, समोरच्याच्या हेल्मेटवरचे सेन्सर तो पकडतात आणि उत्तर रेडिओवरून देतात. कागदावर सुरेख. पण लेझर पानातून जात नाही. सत्तरी तालुक्याच्या रानात श्रावणात उभी राहा, किंवा चोर्ला घाटात सकाळचं धुकं उतरलेलं असताना, आणि तीस मीटरवरच्या मैत्रिणीच्या टोपीवर लेझर टाकून बघ. गोळी मात्र त्या पानांतून जाते. रेडिओ पानातून जातो पण बोट नेमकं दाखवत नाही, लेझर नेमकं दाखवतो पण पानाशी अडतो. इतकी वर्षं हा प्रश्न इथेच अडकलाय, तुमच्या गटाच्या आळसामुळे किंवा सैन्याच्या दुर्लक्षामुळे नाही.

उत्तर कुणाचं, हा गोंधळ किती महाग पडतो त्याचं उदाहरण समुद्रावरचं आहे. ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या व्हिन्सेन्स युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. विमान नागरी मोडवर व्यवस्थित उत्तर देत होतं. पण नौकेवरच्या ऑपरेटरची प्रश्न विचारण्याची खिडकी, म्हणजे ज्या जागेवरची उत्तरं यंत्र धरतं ती चौकट, पुढे सरकणाऱ्या विमानासोबत न सरकता बंदर अब्बासच्या विमानतळावरच राहिली, आणि तिथल्या कुठल्याशा लष्करी विमानाचं उत्तर या विमानाच्या नावावर जमा झालं, असं मानलं जातं. उत्तर आलं, पण दुसऱ्याचं.

उत्तर देणं हेही धोक्याचं असतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांवर एर्स्टलिंग नावाचा ट्रान्सपॉन्डर होता. ब्रिटिशांनी पर्फेक्टोस हे यंत्र बनवून जर्मनांचाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. रात्रीचं लढाऊ विमान इमानाने उत्तर देई आणि स्वतःचा ठावठिकाणा शत्रूच्या हाती देई. उलट बाजूला ब्रिटिश बॉम्बर वैमानिकांत समज पसरली होती की आयएफएफ चालू ठेवली तर जर्मन सर्चलाइट चुकतात. ती चालू ठेवून ते जर्मनांना वाट दाखवत राहिले. तुझ्या टॅगला हा नियम घाल: प्रश्न अस्सल आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याने तोंड उघडायचं नाही.

एवढं सगळं यंत्राचं ऐकून तुला वाटेल की रंग-फडकी बरी. ती वापरतातच, आणि मी त्यांना कमी लेखत नाही. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर छत्रीधारी सैनिक नेणाऱ्या १४४ अमेरिकन विमानांपैकी २३ आपल्याच तोफांनी पाडली. त्यातून धडा घेऊन पुढच्या वर्षी नॉर्मंडीच्या वेळी विमानांवर काळे-पांढरे ठळक पट्टे रंगवले. १९९१ च्या आखाती युद्धात गाड्यांवर उलटा व्ही काढला आणि वर नारिंगी फडकं टाकलं, तरी अमेरिकेचे ३५ सैनिक आपल्याच माऱ्यात गेले, आणि अमेरिकन विमानांच्या एका हल्ल्यात नऊ ब्रिटिश सैनिक गेले. युक्रेनमध्ये दोन्हीकडचे गणवेश सारखे दिसतात म्हणून दंडाला रंगीत चिकटपट्टी बांधावी लागली.

आपल्या नौदलातला प्रसंग मला जास्त जवळचा. १० डिसेंबर १९७१ ला कमांडर मोहन नारायण सामंत यांच्या हाताखाली आयएनएस पनवेल आणि मुक्तिवाहिनीच्या पद्मा आणि पलाश या गनबोटी खुलन्याकडे निघाल्या होत्या. वरून ओळखता यावं म्हणून बोटींवर पिवळी खूण केली होती. तरी आपल्याच विमानांनी हल्ला केला आणि पद्मा, पलाश गेल्या. पलाशवरचे रुहुल अमीन त्या दिवशी कामी आले, पुढे बांगलादेशाने त्यांना वीरश्रेष्ठ हा सर्वोच्च सन्मान दिला. सामंतांनी पाण्यातली माणसं उचलली आणि मोहीम पुढे नेली, त्यांना महावीरचक्र मिळालं. पिवळी खूण होती. ती वरून वेळेत दिसायला हवी होती, आणि दिसली तर तिचा अर्थ वैमानिकाला ठाऊक असायला हवा होता. खूण म्हणजे दोघांमधला करार असतो, एकट्याने रंगवून तो होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या हिरव्या-लालमध्ये बसतच नाही. रणांगणावर दोनच प्रकारची माणसं नसतात. गुरं शोधत फिरणारा, कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) पाणी सोडायला निघालेला, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारा. यांच्या दंडावर तुझा टॅग नाही. लाल दिवा त्यांनाही शत्रू म्हणेल. समुद्रावर हा प्रश्न रोजचा आहे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर आलेल्यांनी 'कुबेर' हा आपला ट्रॉलर ताब्यात घेतला होता. बोट खरी, नोंदणी खरी, आतली माणसं दुसरी. त्यानंतर राज्यवार बोटींचे रंग ठरले, मच्छिमारांना बायोमेट्रिक कार्डं मिळाली, मोठ्या ट्रॉलरवर एआयएस, म्हणजे बोटीची ओळख आणि ठिकाण रेडिओवरून आपोआप सांगणारं यंत्र, आलं. पण एआयएसमध्ये बोट स्वतःबद्दल जे सांगते तेच पडद्यावर दिसतं. मालीमच्या जेटीवर उभं राहून समुद्राकडे बघितलंस तर कळेल की पहारा देणाऱ्याला शेवटी बोटीची चाल, वेळ, जाळं टाकण्याची पद्धत हेच वाचावं लागतं.

आता काय बनवायचं ते. साधा पॅसिव्ह टॅग आठ-दहा मीटरच्या पुढे भरवशाने वाचला जात नाही, म्हणून बॅटरीवरचा टॅग घे. तीन दिवे ठेव. हिरवा: आपला. पिवळा: माहीत नाही. तिसरा निळा: माझाच रीडर बिघडलाय. या निळ्यावर सगळ्यात जास्त मेहनत घे. रीडरच्याच दांड्यावर एक छोटा संदर्भ-टॅग चिकटव. दर वेळी समोरच्याला विचारण्याआधी रीडरने त्याला विचारायचं. दांड्यावरचाच टॅग बोलत नसेल तर समोरच्याच्या मौनाला काहीच किंमत नाही. तसंच टॅगनेही स्वतःची बॅटरी आणि किल्ली तपासावी आणि खोट असेल तर अंगावर थरथर देऊन जवानाला सांगावं की तू मुका झालायस. टॉर्नेडोतल्या दोघांना एवढंच कळलं असतं तर ते त्या वाटेने आले नसते, असं मला मनापासून वाटतं. किल्लीचं आयुष्य काही तासांचं ठेव, म्हणजे पडलेला किंवा हिसकावलेला टॅग दुसऱ्या दिवशी निरुपयोगी होईल.

मग चाचण्या. शरीरात पाणी असतं आणि या फ्रिक्वेन्सीला ते गिळतं, त्यामुळे टॅग पाठीमागे गेला की काय होतं ते मोज. ओल्या शर्टाखाली मोज. पालथं पडून मोज, कारण गोळीबारात माणूस पालथाच पडतो. पाच टॅग एका जागी ठेवून एकदम विचार, उत्तरं एकमेकांवर चढून कशी बिघडतात ते दिसेल. आमच्या बेंचवर त्याला गार्बल म्हणत. प्रत्येक वेळी किती प्रश्नांना उत्तर आलं नाही तो आकडा लिही आणि प्रत्येकाचं कारण शोध. 'कारण सापडलं नाही' असा रकाना ठेवलास तरी चालेल, पण तो रिकामा सोडू नकोस.

ऑगस्टमध्ये पाऊस असतानाच बोर्ड घेऊन घरी ये. येताना कनेक्टर मात्र उघडे ठेव, डबीत बंद करून आणू नकोस. आठवडाभर गॅलरीत टांगू आणि मग किती उत्तरं येतात ते मोजू.